‘रंग गुलाबी’ ठेक्यात बसतो, मग ‘गुलाबी रंग’ का अडखळतो?

केक कापताना सगळे मिळून ‘हॅपी बर्थडे’ म्हणतात, तेव्हा तिसऱ्या ओळीत हमखास एक घोटाळा होतो. ‘डिअर’नंतर नाव घालायचं असतं आणि त्या जागी सूर दोनच आहेत. नाव ‘सीमा’ असेल तर काही प्रश्नच नाही. ‘सी’ एका सुरावर, ‘मा’ दुसऱ्यावर. पण नाव ‘मुकुंद’ असलं की गट पडतात. काही जण ‘मूऽकुंद’ म्हणून मोकळे होतात. बाकीचे ‘मु’ला ‘डिअर’च्या शेपटीला चिकटवून टाकतात आणि थेट ‘कुं’वर दणक्यात उतरतात.

हा दुसरा गट बरोबर आहे. त्यांना छंदशास्त्र कोणी शिकवलेलं नसतं, पण कानाला कळलेलं असतं की ‘मु’ हलका आहे आणि ‘कुं’ जड. हलकं अक्षर ठोक्याच्या आधी सरकवायचं, जड अक्षर ठोक्यावर ठेवायचं. मुळात हे गाणं सुरू होतं तेही तसंच. ‘हॅपी’ ठोक्याच्या आधी येतो आणि टाळी पडते ती ‘बर्थ’वर.

कविता आणि गाणं यांतल्या ‘वजना’ची सगळी गोष्ट या ‘मु’ आणि ‘कुं’मध्ये आहे. फक्त वजन म्हणजे काय, याचं उत्तर प्रत्येक भाषेत वेगळं मिळतं.

इंग्रजीत वजन म्हणजे जोर. ‘रेकॉर्ड’ हा शब्द नाम असेल तर जोर ‘रे’वर, क्रियापद असेल तर ‘कॉर्ड’वर. ‘फोटोग्राफ’ म्हणताना ‘फो’वर जोर, पण ‘फोटोग्राफर’ म्हणताना तो उडी मारून दुसऱ्या अक्षरावर जातो. ज्या अक्षरावर जोर नाही ते इंग्रज माणूस जवळजवळ गिळून टाकतो. त्यामुळे इंग्रजी कवितेचं मोजमापही जोराचंच. ‘ट्विंकल ट्विंकल लिटल स्टार’मध्ये चार ठोके आहेत: ट्विं, ट्विं, लि, स्टार. मधली अक्षरं नुसती भरीची. शेक्सपिअरच्या सुनीतांत याच्या उलट, आधी हलकं मग जोराचं, अशा पाच जोड्यांची ओळ असते.

मराठीत असं नाही. आपण ‘फोटोग्राफर’ची सगळी अक्षरं सारख्या मायेनं म्हणतो, आणि म्हणूनच आपलं इंग्रजी परदेशी कानाला सपाट वाटतं. मराठी बोलण्यात जोर नसतो असं नाही, पण शब्दाचा अर्थ त्यावर टांगलेला नसतो. ठासून सांगायचं असेल तर आपण ‘च’ लावतो: मीच आलो. मग आपल्याकडे वजन कशाचं? वेळेचं. एखादं अक्षर उच्चारायला किती वेळ लागतो, हे आपलं माप.

लघू अक्षराला एक मात्रा, गुरू अक्षराला दोन. अ, इ, उ, ऋ हे ऱ्हस्व स्वर असलेली अक्षरं लघू. आ, ई, ऊ, ए, ऐ, ओ, औ असलेली गुरू. ठसठशीत अनुस्वार किंवा विसर्ग असलेलं अक्षरही गुरू. (‘गुरू’ या शब्दाचं पहिलं अक्षर लघू आहे आणि ‘लघू’ या शब्दाचं शेवटचं अक्षर गुरू. शाळेत हे कोणी दाखवून दिलं असतं तर व्याकरणाचा तास थोडा बरा गेला असता.)

जोडाक्षराचा नियम मात्र नुसता पाठ करून भागत नाही. ‘पुस्तक’मध्ये ‘पु’ लिहायला ऱ्हस्व, पण मोजायला गुरू, कारण पुढचा ‘स्’ त्याच्या अंगावर येऊन पडतो आणि आपण ‘पुस्-तक’ म्हणतो. पण ‘तुम्ही’ किंवा ‘कुऱ्हाड’ म्हणून बघा. पुढे जोडाक्षर असूनही ‘तु’ आणि ‘कु’वर भार पडत नाही, म्हणून ते लघूच राहतात. व्याकरणात यालाच ‘आघात’ म्हणतात. म्हणजे वेळेच्या आपल्या हिशेबात जोर मागच्या दारानं आत आलेलाच आहे.

आणखी एक भानगड. बोलताना आपण शब्दाच्या शेवटचा ‘अ’ खातो. ‘दाट’ लिहितो, ‘दाट्’ म्हणतो. कवितेत तो ‘अ’ परत द्यावा लागतो. ही ओळ घ्या, उदाहरणापुरती इथेच केलेली:

सकाळी सकाळी धुके दाट होते

‘दाट’मधला ‘ट’ पूर्ण म्हटला तरच ही ओळ चालते. स-का-ळी, स-का-ळी, धु-के-दा, ट-हो-ते. प्रत्येक तुकडा लघू-गुरू-गुरू, थोडक्यात लगागा (ल म्हणजे लघू, गा म्हणजे गुरू). चार तुकडे, बारा अक्षरं, वीस मात्रा. हे भुजंगप्रयात वृत्त. समर्थ रामदासांच्या मनाच्या श्लोकांचे २०५ श्लोक याच चालीत आहेत, त्यामुळे वृत्तांची नावं विसरलेल्या माणसाच्या कानातही हे वृत्त शिल्लक असतं.

तीन अक्षरांच्या अशा तुकड्याला गण म्हणतात. प्रत्येक जागी लघू किंवा गुरू, म्हणजे दोन गुणिले दोन गुणिले दोन, एकूण आठ गण. ते लक्षात ठेवायला जुन्या मंडळींनी एक दहा अक्षरी शब्द बनवला: यमाताराजभानसलगा. याला अर्थ नाही, पण करामत आहे. यातली कुठलीही सलग तीन अक्षरं उचला, पहिल्या अक्षराच्या नावाचा गण तुमच्या हातात येतो. ‘यमाता’ म्हणजे लघू-गुरू-गुरू, हा य गण. ‘मातारा’ तिन्ही गुरू, म गण. ‘नसल’ तिन्ही लघू, न गण. ‘सलगा’ हा स गण. आठही गण एकदाच येतात, कुठलाही दुसऱ्यांदा येत नाही. शिवाय शेवटच्या दोन अक्षरांचं वजन पहिल्या दोन अक्षरांसारखंच आहे, त्यामुळे हा शब्द वर्तुळात लिहिला तर आठ अक्षरांतच काम भागतं. अशा वर्तुळाकार रचनांचा अभ्यास आज गणितात आणि संगणकशास्त्रात होतो. आपल्याकडे शाळेत मात्र तो शब्द छडीच्या धाकानं पाठ करून घेतला जायचा आणि त्यातली गंमत सांगायची राहून जायची.

लगागा फक्त आपलं आहे असंही नाही. फारसी छंदशास्त्रात याच तुकड्याला ‘फऊलुन’ म्हणतात, आणि फिर्दौसीचं ‘शाहनामा’ हे महाकाव्य याच चालीत आहे. फक्त ओळीतला शेवटचा गुरू कापलेला. मराठी छंदशास्त्राचा मोठा ग्रंथ, ‘छंदोरचना’, लिहिणारे माधव जूलियन, म्हणजे माधव त्रिंबक पटवर्धन, फारसीचे प्राध्यापक होते हा निव्वळ योगायोग मानायला माझं मन तयार नाही. मराठीत गझल लिहिणारे आजही गणांची नावं बाजूला ठेवून सरळ ‘लगागा लगागा’ असंच बोलतात आणि त्याला लगावली म्हणतात. शिकायला ही पद्धत मला गणांपेक्षा सोपी वाटते.

वृत्तात लघू-गुरूंचा क्रम पक्का असतो. क्रम मोकळा सोडून फक्त मात्रांची बेरीज सांभाळली की ती जाती, म्हणजे मात्रावृत्त. चार मात्रा भरायच्या आहेत, तर किती तऱ्हा? गागा, गालल, लगाल, ललगा, लललल. पाच. पाच मात्रांच्या आठ, सहांच्या तेरा, सातांच्या एकवीस, आठांच्या चौतीस. प्रत्येक आकडा आधीच्या दोघांची बेरीज. कारणही सोपं आहे: ओळीचा शेवट लघूनं होणार किंवा गुरूनं. लघूनं झाला तर त्याआधी एक मात्रा कमी असलेल्या सगळ्या तऱ्हा येतात, गुरूनं झाला तर दोन मात्रा कमी असलेल्या. जगात ही मालिका फिबोनाचीच्या नावानं ओळखली जाते. त्याचं पुस्तक १२०२ सालचं, त्यात हा हिशेब सशांच्या जोड्या कशा वाढतात यासाठी आहे. पण जैन पंडित आचार्य हेमचंद्रांनी त्याच्या सुमारे पन्नास वर्षं आधी हाच हिशेब मांडला होता, आणि तो सशांच्या जोड्यांसाठी नव्हे, तर कवितेच्या मात्रांसाठी.

आता तबल्याकडे येऊ, कारण इथवर जोराचा प्रश्न नीट सुटलेला नाही. लघू-गुरूंनी वेळ मोजला, पण पाय कुठे आपटायचा ते सांगितलं नाही. ते ताल सांगतो.

केहरवा घ्या. भजनापासून सिनेमापर्यंत सगळीकडे भेटणारा आठ मात्रांचा ताल. धा गे ना ती, न क धि न. पहिल्या मात्रेवर ‘धा’. तबल्यावर ‘धा’ हा एकट्या हाताचा बोल नाही. उजव्या हाताचा ‘ना’ आणि डाव्या हाताचा ‘गे’ एकत्र वाजले की ‘धा’ होतो. डग्गा घुमतो आणि ती घुमी पोटात जाणवते. ही सम. पाचव्या मात्रेवर नुसता ‘न’ आहे. डग्गा गप्प. हाताने ताल धरणारा तिथे टाळी देत नाही, हात हवेत उघडतो. ही खाली.

खालीला ‘कमजोर ठोका’ म्हणणं मला पटत नाही. खाली म्हणजे रस्त्यावरची खूण आहे: अर्धं आवर्तन, म्हणजे तालाचा अर्धा फेरा, संपलं, आता परतीचा प्रवास. सोळा मात्रांच्या तीनतालात एक, पाच आणि तेरा या मात्रांवर टाळी आणि नवव्या मात्रेवर खाली असते. ती खूण नसती तर गवई आणि तबलजी दोघंही समेचं अंतर कुठल्या आधारावर जोखणार? सात मात्रांच्या रूपकात तर समच खालीवर येते. आवर्तन सुरू होतं ते ‘ती’नं, डग्ग्याची घुमी त्यानंतर चौथ्या मात्रेला येते. पहिला ठोका सर्वांत दणकट असलाच पाहिजे, हा नियम तिथे उताणा पडतो. पाश्चात्त्य रॉक संगीतातही चारपैकी दुसऱ्या आणि चौथ्या ठोक्यावर ड्रमचा फटका असतो. पहिला ठोका पहिला म्हणून ओळखू येतोच, त्याला ओरडून सांगावं लागत नाही.

आता मूळ प्रश्न. केहरव्याच्या आठ मात्रांमध्ये एक छोटा तुकडा बसवायचाय. ‘रंग गुलाबी’ घ्या. रं दोन मात्रा, ग एक, गु एक, ला दोन, बी दोन. बेरीज आठ. समेवर ‘रं’ आला आणि बरोबर पाचव्या मात्रेवर ‘ला’. दोन्ही महत्त्वाच्या जागी गुरू अक्षर, दोन्हीकडे नवं अक्षर सुरू होतंय. मांडीवर टाळी देत म्हणून बघा, आपोआप बसतं.

आता तेच दोन शब्द उलटे करा: ‘गुलाबी रंग’. गु एक, ला दोन, बी दोन, रं दोन, ग एक. बेरीज पुन्हा आठच. पण समेवर आला बिचारा ‘गु’, एका मात्रेचा. आणि पाचवी मात्रा? ती ‘बी’च्या पोटात गेली. ‘बी’ चौथ्या मात्रेला सुरू होऊन पाचवीच्या शेवटपर्यंत लांबतो, त्यामुळे तालाची खूण आहे तिथे नवं अक्षरच नाही. अक्षरं तीच, मात्रा तेवढ्याच, तरी जीभ अडखळते.

आठ मात्रांच्या त्या चौतीस तऱ्हा आठवतात? त्यातल्या पंचवीस अशा आहेत की पाचव्या मात्रेवर नवं अक्षर सुरू होतं: पहिल्या चार मात्रांच्या पाच तऱ्हा गुणिले पुढच्या चारांच्या पाच. उरलेल्या नऊ तऱ्हांत एक गुरू मधल्या उंबरठ्यावर आडवा पडलेला असतो. ‘गुलाबी रंग’ त्या नऊंपैकी.

मग ‘गुलाबी रंग’ गाता येणारच नाही? येतं ना. चाल बांधणारा माणूस ‘गु’ला समेच्या आधीच्या मात्रेवर ढकलतो. गु | लाबी रंग. आता समेवर ‘ला’, तिसऱ्या मात्रेवर ‘बी’, पाचव्यावर ‘रं’, सातव्यावर ‘ग’, आणि आठवी मात्रा पुढच्या ओळीच्या हलक्या अक्षरासाठी मोकळी. सगळं जागच्या जागी. वाढदिवसाच्या ‘मुकुंद’चं जे झालं तेच.

वरच्या धुक्याच्या ओळीलाही हाच उपाय लागू पडतो. लगागा पाच मात्रांचा, आणि दहा मात्रांचा झपताल दोन-तीन, दोन-तीन असा चालतो. ‘सकाळी’ सरळ समेवर ठेवला तर दोन मात्रांनंतरची टाळी ‘का’च्या मधोमध येते. पण ‘स’ आधी घेतला की ‘का’ दोन मात्रा, ‘ळीस’ तीन, पुन्हा ‘का’ दोन, ‘ळीधु’ तीन. वृत्त लघूनं सुरू होतं, पण ताल सुरू होतो त्यातल्या पहिल्या गुरूपासून. मोठ्यानं म्हणून पाहा, टाळी ‘का’वरच पडायला बघते.

माधव जूलियनांनी मात्रांच्या या आवर्तनांना नावं दिली ती मला फार आवडतात. आठ मात्रांचं पद्म, कारण कमळाला आठ पाकळ्या. सहांचं भृंग, भुंग्याला सहा पाय. सातांचं अग्नी, त्याच्या सात जिभा. पाचांचं हर, शंकराची पाच मुखं. म्हणजे ‘सकाळी सकाळी’ हरावर्तनी आणि ‘रंग गुलाबी’ पद्मावर्तनी. पारिभाषिक शब्द असावेत तर असे. एकदा कारण कळलं की विसरायची सोय नाही.

अभंगाकडे आलं की हे सगळं मोजमाप सैल होतं. तिथे मोजायची फक्त अक्षरं. मोठ्या अभंगात सहा, सहा, सहा आणि चार, आणि दुसऱ्या-तिसऱ्या चरणात यमक:

पावसाची सर । अंगणात आली ।
भिजवून गेली । उंबरठा ॥

इथे ‘भि’ लघू की गुरू याची कोणी चौकशी करत नाही. अशा नुसती अक्षरं मोजणाऱ्या रचनेत, म्हणजे छंदात, प्रत्येक अक्षर ऐसपैस, गुरूसारखंच म्हटलं जातं. ‘सर’मधला ‘र’ही दीर्घ होतो. सहा अक्षरं झाली की शेवटचं लांबवून पुढच्या टाळीशी गाठ घालता येते. साध्या बोलीतला कुठलाही शब्द असा सामावला जातो, व्याकरणाचा दाखला न मागता. जात्यावर ओवी म्हणणारी बाईसुद्धा मात्रा मोजत बसत नव्हती. जात्याचा फेरा हाच तिचा ताल, आणि ओळ लांबली तर ती चार अक्षरं घाईनं घ्यायची, आखूड पडली तर ‘गं’ किंवा ‘बाई’ घालायची.

याच्या अगदी दुसऱ्या टोकाला मंगलाष्टकं. ती बहुतेक शार्दूलविक्रीडितात असतात. एकोणीस अक्षरं, आधी बारा, मग क्षणभर थांबा, म्हणजे यती, आणि मग सात. ही ओळ उदाहरणापुरती:

झाली वेळ जमा घरात सगळे, कुर्यात् सदा मंगलम्

यतीच्या आधी अठरा मात्रा, नंतर बारा. याला तबला नसतो, टाळ नसतो, कोणी मांडीवर हातही मारत नाही. सगळा डोलारा लघू-गुरूंच्या लांबीवर उभा, आणि म्हणून इथे चूक लपत नाही. हौशी आत्या वधूवरांची, दोन्हीकडच्या आजी-आजोबांची आणि झालंच तर गावाची नावं एका ओळीत कोंबते, तेव्हा सात अक्षरांच्या जागी अकरा होतात. शब्दार्थ कळत असतो, हेतू प्रेमाचा असतो, आणि तरी मांडवातल्या लोकांना कुठेतरी खडा लागल्यासारखं होतं. ‘लघूच्या जागी गुरू आला’ असं कोणी म्हणणार नाही. म्हणतील, ‘चालीत बसलं नाही गं.’

‘कुर्यात् सदा मंगलम्’ ही शेवटची सात अक्षरं: कुर्, यात्, स, दा, मं, ग, लम्. गुरू गुरू लघू, गुरू गुरू लघू, गुरू. शार्दूलविक्रीडिताच्या यतीनंतर जे सात अक्षरांचं खोबण असतं, त्यात ती तंतोतंत बसतात. त्यामुळे पहिली बारा अक्षरं कुणाचीही असोत, कितीही नवी असोत, ही सात आली की लग्नघरातल्या लहान पोरालाही कळतं की ओळ संपत आली. भटजी ‘मंगलम्’चा शेवट लांबवतात, आणि ‘सावधान’ म्हणायच्या आधीच मागच्या रांगेतून अक्षता पडायला लागतात.